आवडीची फिटन

आवडे,

काल पुन्हा एक जण येऊन घोडागाडी विकायची आहे का म्हणून विचारून गेला. माणूस भला होता. अंगणातल्या फिटनभोवती त्याने एक फेरी मारली, चाकाला हात लावून पाहिला आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "आता घरात हिचा उपयोग काय?" मी त्याला पाणी दिलं आणि विकायची नाही म्हणून सांगितलं. तो गेल्यावर ओटीवर बसलो, तो दिवेलागण झाली तरी उठलो नाही.

तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. घरी येणारा जो तो तुझ्याबद्दल बोलायला लागला की आधी 'बिचारी' म्हणतो. बिचारीने किती सोसलं, बिचारीचे पाय गेले, बिचारीची सुटका झाली. मी ऐकून घेतो. त्यांचं मन चांगलं आहे. पण ते ज्या बाईबद्दल बोलतात तिची माझी ओळख नाही. माझी जिच्याशी ओळख होती, तिने अगदी शेवटच्या दुखण्यातही आसाला कोणतं वंगण लावायचं यावरून माझ्याशी भांडण काढलं होतं. म्हणून हे लिहायला बसलो आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लिहा की, पण कोर्टातल्या भाषेत नको." साक्षीदारांच्या जबान्यांची भाषांतरं करण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि तुझी तक्रार अशी की मी जेवताना भाजीसुद्धा 'सदरहू' म्हणून मागतो. आज तसं लिहिणार नाही.

लग्नात ताटातल्या तांदळांत मी अंगठीने तुझं नाव सरस्वती असं लिहिलं होतं. त्या नावाला तू कधी ओ दिली नाहीस. पहिली काही वर्षं मला खरंच वाटायचं की तुला कमी ऐकू येतं. मग एक दिवस तूच सांगितलंस, "मला आवडी म्हणतात. अख्ख्या कल्याणला ठाऊक आहे, तुम्हालाच तेवढं नाही." तेव्हापासून घरात सरस्वती फक्त पाटीवर आणि पोथीवर उरली.

बाळंतपणात बाळ गेलं आणि तुला तापाने धरलं. ताप उतरला तो पायांतलं बळ घेऊन उतरला. वैद्यांचे लेप झाले, डॉक्टरांच्या बाटल्या झाल्या. पायांना चिमटा काढला तर तुला कळायचं, पण उभी राहायला गेलीस की ते दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे खाली मुडपायचे. मग तू दोन्ही हातांवर अंग तोलून घरभर सरकत फिरायला शिकलीस. स्वयंपाकघर, माजघर, ओटी. ओटीच्या कडेशी आलीस की थांबायचीस. तिथून खाली अंगण होतं, आणि अंगणाच्या पुढे सगळं ठाणं.

हे तू कल्याणला कळू दिलं नव्हतंस. तुझी आई दम्याने खंगलेली, तिला ठाण्यापर्यंत येणं जमण्यासारखं नव्हतं. आणि कुणाच्या तोंडून तिला हे कळावं हे तुला मान्य नव्हतं. तुझ्या धाकट्या भावाला, विसूला, तू शपथ घातलीस. "मी स्वतः जाऊन सांगेन," एवढंच म्हणायचीस. मग दिवाळी झाली की येते, संक्रांत झाली की येते, असे निरोप जात राहिले.

एकदा मी म्हणालो, "अगं, एवढं काय त्यात? इथे आगगाडीत बसायचं, तिथे उतरायचं. घटकाभराचा प्रवास."

"आणि डब्यात चढवणार कोण?" तू विचारलंस. "दोन हमाल मला पोत्यासारखी उचलणार, सगळा फलाट बघत राहणार, आणि मी घरी पोहोचायच्या आधी आईकडे बातमी पोहोचणार. नको. जाईन तेव्हा माझी मी बसून जाईन."

त्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर कचेरीत गेलो.

मग विलायतेला निघालेल्या एका साहेबाच्या बंगल्यावर सामानाचा हर्रास झाला. मी गेलो होतो पुस्तकांचं कपाट बघायला. तबेल्याच्या कोपऱ्यात ही फिटन पडलेली दिसली. रंग उडालेला, वरचं चामड्याचं टप फाटलेलं, गादीत गवत. चारी चाकं धुळीने माखलेली आणि गाडी एका अंगाला झुकलेली. पण बसायची जागा ठेंगणी होती, पायाखालची फळी जमिनीपासून फारशी वर नव्हती. मी छत्री उभी धरली आणि फळीची उंची छत्रीवर बोटाने धरून ठेवली. बाकीचे लोक कपाटासाठी बोली लावत होते आणि मी तसाच छत्री पकडून घरी आलो. ओटीला छत्री लावून पाहिली. बरोबर जुळली. ओटीला गाडी चिकटवून उभी केली तर तुला कुणी उचलायला नको होतं. तू सरकून आत जाऊ शकत होतीस.

तुला हे काही सांगितलं नाही. धावत परत गेलो आणि गाडी घेतली.

ती घरी आणली इनासने, आपल्या बैलांना जुंपून. शेजारच्या वाडीतला हा किरिस्ताव शेतकरी, रविवारी इगर्जीत मोठ्याने गाणारा आणि बाकीचे सहा दिवस मोठ्याने बोलणारा. त्याने गाडी अंगणात सोडली आणि घाम पुसत म्हणाला, "भाऊसाहेब, ही गाडी नाय. ह्यो कोंबड्यांचा खुराडा हाय." गादी उचलली तर खरंच खाली गवताचं घरटं आणि त्यात एक अंडं. इनासने ते गंभीरपणे खिशात टाकलं.

तू ओटीवर बसून बघत होतीस. मला वाटलं होतं तुझे डोळे भरून येतील. तू विचारलंस, "कोंबडी वेगळी घ्यावी लागली, की तिच्यासकटच लागली बोली?" आणि मग हसत सुटलीस, ती खोकला लागेपर्यंत. बाळ गेल्यापासून तुला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. गाडीचे पैसे त्याच दिवशी वसूल झाले, हे तुला तेव्हा सांगायला हवं होतं.

त्यानंतरचे महिने आपले त्या गाडीतच गेले. उभी असताना ती नुसती जुनी दिसायची. चालवायला घेतली की एकेक दुखणं बाहेर यायचं. चाकांचं लाकूड इतकं वाळलं होतं की आरे हाताने हलत होते. इनासने चारी चाकं काढली, तलावाच्या पायऱ्यांशी पाण्यात बुडवून वर दगड ठेवले. लाकूड पाणी पिऊन फुगलं, आरे घट्ट बसले. मग चाकांवर धावांची लोखंडी कडी चढवायची होती. लोहाराने तुझ्या ओटीसमोरच्या अंगणात शेणकुटांचा मोठा गोल रचला, त्यात धाव लाल होईपर्यंत तापवली, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवली, आणि सगळ्यांनी मिळून वरून पाणी ओतलं. वाफेने अंगण भरलं. लोखंड आकसताना लाकूड असं करकरलं की तू कानांवर हात ठेवलेस. वाफ निवळली तेव्हा पाहिलं, तर धाव कापताना लोहाराचा अंदाज थोडा चुकला होता. धाव इतकी आवळली गेली की चाक बशीसारखं वाकलं. लोहार चाकाकडे बघत राहिला, इनास लोहाराकडे, आणि मी तुझ्याकडे.

"पुन्हा करा," तू म्हणालीस. "त्यात काय? पहिली पुरणपोळी माझीही फुटते." आणि आत सरकत जाऊन सगळ्यांसाठी गूळपाणी पाठवलंस.

गाडी पेलणाऱ्या पोलादी कमानींचं दुखणं जास्त अवघड होतं. डाव्या मागच्या कमानीचं एक पातं मोडलेलं, म्हणून गाडी झुकायची. झुकलेल्या गाडीची फळी ओटीला जुळत नव्हती, एका बाजूला वीतभर फट पडायची. त्या फटीकडे मी रोज कचेरीतून आल्यावर बघायचो. नवं पातं घडवून बसवलं तर गाडी उलट उजवीकडे झुकली, कारण उजवी कमान इतक्या वर्षांत दबून गेली होती. शेवटी चारी कमानी उतरवल्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण आता माघार घ्यायची सोय नव्हती. नव्याने बसवलेली गाडी ओटीला लावली आणि तू फळीवरून तळहात फिरवून पाहिलास. फट नव्हती. तरी तू नुसता हात फिरवत राहिलीस.

तू पहिल्यांदा गाडीत बसलीस त्या दिवशी पुढची चाकं नीट वळत नव्हती. पुढच्या चाकांचं फिरतं कडं गंजून धरलेलं, मधला मोठा खिळा काही केल्या निघेना. गाडी उजवीकडे वळायची, डावीकडे वळायचं म्हटलं की अडायची. मी म्हणालो, खिळा सुटेपर्यंत थांबू.

"किती थांबायचं?" तू म्हणालीस. "उजवीकडे वळते ना? मग उजवीकडेच वळू. तलावाला प्रदक्षिणा घालायला डावीकडे वळावं लागत नाही."

आणि आपण खरंच देवाला प्रदक्षिणा घालतात तशी मासुंदा तलावाला प्रदक्षिणा घातली. इनासच्या मेव्हण्याचं राखी रंगाचं तट्टू, दौलत, पुढे. मी लगाम धरून. तू माझ्या डावीकडे, पदर आवळून. पायऱ्यांवर धुणं धुणाऱ्या बायकांनी मान वर केली. तू प्रत्येकीला नावाने हाक मारलीस. दोन वर्षांत तुला पाहिलंच नव्हतं त्यांनी. एक जण ओल्या हातांनी गाडीपर्यंत धावत आली आणि तुझ्या गालाला हात लावून परत गेली. त्या दिवशी आपण किती फेऱ्या घातल्या कोण जाणे, दौलत आपणहून थांबला तेव्हा थांबलो.

मग तो आवाज सुरू झाला. गाडी चालली की कुठूनतरी 'टक्' असा आवाज यायचा. इनास म्हणायचा मागचं चाक. त्याने ते चाक काढलं, पुसलं, वंगण घातलं, बसवलं, पुन्हा काढलं. आवाज तसाच. त्याला आता त्या चाकाचा रागच आला होता.

तू ओटीवरून ऐकत होतीस. म्हणालीस, "इनासभाऊ, चाकाच्या एका आऱ्याला चिंधी बांधा. मग गाडी अंगणात फिरवा."

"चिंधी कशाला, बाय? नजर लागली काय चाकाला?"

"बांधा तर खरं."

त्याने लाल चिंधी बांधली. गाडी फिरली. चिंधी खाली येई, वर जाई, आणि तुझं बोट ओटीच्या फळीवर प्रत्येक 'टक्'बरोबर आपटत होतं. ते काही जुळत नव्हतं. "चाकाचा आवाज असता तर चिंधीबरोबर आला असता," तू म्हणालीस. "हा घोड्याच्या पावलाबरोबर येतोय. पुढच्या दांडीत बघा." दांडीच्या मुळाशी एक खिळा झिजून सैल झाला होता. इनासने तो हातात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "मना वाटलं तू आराम करते ओटीवर!" तेव्हापासून गाडीला काही झालं की तो आधी तुझ्यासमोर आणून फिरवायचा.

लगामांचं भांडण मात्र आपलं आपल्यातच राहिलं. फिटन म्हणजे मालकाने स्वतः हाकायची गाडी. तिला गाडीवानाची वेगळी जागा नसते. तू बसलीस की लगाम तुझ्यासमोरच असायचे. मी घाबरून हाकायचो, हे तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

"तुम्ही तोंड दाबून धरताय त्याचं," तू म्हणायचीस. "पुढे जा म्हणून चाबूक दाखवायचा आणि थांब म्हणून तोंड ओढायचं. त्याने करायचं काय?"

"मग तूच हाक!" मी एकदा वैतागून म्हणालो. तू लगाम घेतलेस. दौलतने कान मागे केले, मग पुढे केले, आणि सरळ चालायला लागला. मी हात मांडीवर ठेवून बसलो.

गाव जवळ आलं तसं मी म्हणालो, "आता दे इकडे. लोक बघतील."

"मला ओटीवर सरकताना लोक बघतातच. तेव्हा नाही तुम्हाला काही वाटत?"

"तसं नाही गं. कचेरीतले लोक..."

तू लगाम माझ्या हातात ठेवलेस. मग ठरलं की शेवटचं घर मागे पडलं की तू हाकायचंस आणि गावात मी. ठरलं म्हणजे, मी ठरवलं.

गंजलेला खिळा अखेर करंजाचं तेल आणि विस्तव यांनी सुटला, आणि पावसाळा संपून रस्ते वाळले तसे आपण कल्याणला निघालो. कोलशेतच्या बंदरावर खाडी उतरायची होती. तांडेलाने फळ्या टाकल्या, गाडी होडीवर चढवली, चाकं दोरांनी बांधली आणि तुला म्हणाला, "बाय, उतरून बसा."

"मी गाडीतच बसते," तू म्हणालीस. त्याने तुझ्याकडे पाहिलं आणि आणखी एक दोर बांधला. मी दौलतचं तोंड धरून उभा होतो आणि मला पोहता येत नव्हतं. तू खाडीच्या मधोमध गाडीत ताठ बसून दोन्ही काठ बघत होतीस.

पलीकडच्या रस्त्यावर लगाम तुझ्याकडे आले. भिवंडी मागे टाकून कोनकडे वळलो तेव्हा तू एकदम दौलतला थांबवलंस.

"काय झालं?"

"मागचं उजवं चाक. आवाज बदलला."

मी उतरून पाहिलं. आसाच्या टोकाची खीळ पडून गेली होती आणि चाक बाहेर सरकलं होतं. आणखी थोडं चाललो असतो तर चाक एकीकडे गेलं असतं आणि गाडी तुझ्यासकट दुसरीकडे. मी खीळ शोधत रस्त्याने मागे गेलो. ती काही मिळाली नाही. परत आलो तेव्हा तू चंचीतून अडकित्ता काढून बसली होतीस.

"ती बाभळीची फांदी द्या. वाळलेली नको, हिरवी."

अडकित्त्याने फांदी कातरून, टोक काढून, मध्ये मध्ये आसाच्या भोकाशी लावून बघायला मला देत तू खुंटी केलीस. मी दगडाने ठोकून बसवली. मग तू एक सुपारी कातरलीस, अर्धी मला दिलीस आणि म्हणालीस, "चला. आई वाट बघत असेल." कोनच्या होडीने पलीकडे उतरून कल्याणला पोहोचलो, तरी ती खुंटी जागची हलली नव्हती.

कल्याणच्या गल्लीत शिरताना मी लगामासाठी हात पुढे केला नाही. तूही ते माझ्याकडे दिले नाहीस. तुझ्या आईच्या दारापाशी गाडी उभी राहिली. आधी विसू बाहेर आला, त्याच्यामागून काठी टेकत ती आली.

"आवडी? अगं, तू हाकतेस?" तिचा चेहरा उजळला. "उतर ना. बसलीस काय?"

"आई, मला उतरता येत नाही. माझे पाय गेले."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"कधीपासून?"

"बाळाच्या वेळेपासून."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला चार शब्द सुनावेल, आणि दोन्हींची मी तयारी केली होती. तिने काठी विसूकडे दिली, पायरीवर एक पाय ठेवला आणि तुला म्हणाली, "सरक." मग धापा टाकत, गाडीचा कठडा धरत वर चढली आणि तुझ्या शेजारी बसली. श्वास जागेवर यायला तिला वेळ लागला. तो आला तसा तिने तुझा एक पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि पदराने चोळायला लागली. "किती गार पडलेत गं," एवढंच म्हणाली. गल्लीतली माणसं जमली होती. त्यांना म्हणाली, "बघताय काय? माझी लेक आली आहे माहेरी."

त्या दुपारी तुम्ही दोघी गाडीतच जेवलात. विसू ताटं आणून देत होता. मी आत एकटा पाटावर बसलो होतो आणि बाहेरून तुमचं बोलणं ऐकू येत होतं. आधी रडण्याचं, मग भांडणाचं, मग कुणाच्या तरी लग्नातल्या फजितीचं. ऊन कलल्यावर तू तिला खाडीच्या काठापर्यंत फिरवून आणलंस. विसू गाडीमागून चालत गेला होता. तो सांगत होता की आई जाताना सारखी "हळू, हळू गं" म्हणत होती, आणि येताना एकदा म्हणाली, "जरा पळव की."

त्यानंतरची वर्षं आपल्याला मिळाली, याबद्दल मी कुणाचे आभार मानू हे मला कळत नाही. संध्याकाळी मी कचेरीतून यायचो, गाडी ओटीला लागलेली असायची, आणि तू आधीच आत बसलेली. शेवटचं घर मागे पडेपर्यंत मी, मग तू. भांडणंही व्हायची. तुझं एरंडेल आणि राखेचं वंगण, आणि माझा हट्ट की डब्यातलं विलायती आणावं. ते भांडण तसंच अर्धवट आहे. आता मी एरंडेलच लावतो, पण तू जिंकलीस असं अजून कबूल केलेलं नाही.

एक गोष्ट मात्र सांगायची राहून गेली. गेल्या हिवाळ्यात मी कचेरीच्या फाटकातून बाहेर पडलो तर समोर रस्त्यावर फिटन उभी होती आणि लगाम तुझ्या हातात. गावात. एकटी. इनासने गाडी ओटीला लावून दिली असणार. माझ्या मागे कचेरीतले सगळे लोक होते. तू बाजूला सरकलीस. मी चढलो. घरी पोहोचेपर्यंत आपण दोघंही गप्प होतो.

तुला वाटलं असेल मी रागावलो. मी रागावलो नव्हतो. फाटकातून बाहेर आल्यावर कुणीतरी आपल्याला न्यायला आलं आहे, हे माझ्या बाबतीत जन्मात पहिल्यांदाच घडत होतं, आणि तोंड उघडलं असतं तर मला रडू आलं असतं. दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी बराच रेंगाळलो. तू आली नाहीस. मी पुन्हा ये म्हणायची तू वाट बघत असशील. तू यायची मी बघत होतो. मग थंडी सरली, उन्हाळ्यात तुला ताप आला, आणि तो सगळाच हिशेब त्या तापाने उधळून लावला.

गेल्या आठवड्यात कल्याणला जाऊन आलो. विसूने आईला कळवलेलं होतं, तरी मी जायला हवं होतं. तिला आता अंथरुणातून उठवत नाही. मी बाजेशेजारी बसलो. इतक्या वर्षांत किती मरणांच्या हकिकती मी एका भाषेतून दुसरीत नेल्या असतील. त्या दिवशी तोंडातून सरळ वाक्य निघेना. "ताप आला तेव्हा आधी आम्हाला वाटलं..." अशी कशीबशी सुरुवात केली, तर तिने हात वर केला.

"शेवटचं नका सांगू, जावईबापू. ते विसूने सांगितलं. आवडी गाडी कशी हाकायची ते सांगा."

मग मी सांगत बसलो. तू लगाम किती हलके धरायचीस, वळणाआधी दौलतला जिभेने कसा आवाज द्यायचीस, समोरून बैलगाड्या आल्या की आपली गाडी कडेला घेऊन त्यांना आधी जाऊ द्यायचीस आणि प्रत्येक गाडीवानाची चौकशी करायचीस. ती डोळे मिटून ऐकत होती.

"चढावर?" तिने विचारलं.

"चढावर पुढे वाकून त्याच्याशी बोलायची."

"काय बोलायची?"

"ते मला कधी ऐकू आलं नाही. त्यांचं ते दोघांचं असायचं."

तिला हसू आलं. मग बाजेबाहेर हात काढून तिने जमिनीपासून थोड्या उंचीवर धरला. "एवढीशी होती. वर्षाचीही झाली नव्हती, तेव्हा चालायला लागली. माझ्या सगळ्या मुलांत लवकर. मी चुलीपाशी असायची आणि ही दाराबाहेर. दिवसभर हिच्यामागे धावून माझा जीव जायचा."

आवडे, हे मला ठाऊक नव्हतं. तू कधी बोलली नाहीस. तुलाही कुणी सांगितलं नसेल.

बाहेर विसू दौलतला पाणी दाखवत होता. ऊन उतरायला लागलं होतं, आणि निघायचं तर तेव्हाच निघायला हवं होतं, नाहीतर होडी चुकली असती. तुझ्या आईने ते ओळखलं.

"आजच्या दिवस राहा," ती म्हणाली. "तिचं लहानपणचं मला पुष्कळ सांगायचं आहे. दुसरं कोण ऐकणार?"

मी विसूला गाडीचा घोडा सोडायला सांगितलं आणि राहिलो.